माटोळीतला चिबूड

आई, यंदाच्या चवथीला डिचोलीत भर आरतीत एका माणसाच्या टकलावर चिबूड फुटला. चिबूड मी टांगला होता, आणि ते टक्कल ज्यांचं, त्यांच्या मुलीशी मला लग्न करायचं आहे. एवढं ऐकून तू जिथे असशील तिथे हसायला लागली असशील, पदर तोंडाला न लावता, भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणून तर हे तुलाच लिहायला बसलो. बाबांना सांगून झालं. ते "तुज्या आवयचोच तूं", म्हणजे तुझाच मुलगा, एवढंच म्हणाले आणि सुपारी कातरत राहिले. पण अडकित्ता मध्येच थांबला तेव्हा मी पाहिलं, त्यांचे खांदे हलत होते.

तू गेलीस तेव्हा मी पाचवीत होतो. लोकांना तुझ्याबद्दल चांगलं चांगलं आठवतं. वाड्यावरच्या बायका अजून सांगतात, तुझी फुगडी कशी होती, दारावरून गेलेल्या माणसाला तू पाणी विचारल्याशिवाय कशी सोडत नव्हतीस. मी ऐकून घेतो. पण माझ्या वाट्याला आलेली तू वेगळी आहेस. माझ्याकडे तुझ्या आठवणी आहेत त्या सगळ्या बिघडलेल्या वस्तूंच्या, आणि त्यातली एकही मी कुणाला देणार नाही.

तो केक घे. नाताळात बाबांच्या ओळखीच्या पाववाल्या पदेराने पावांबरोबर केकचा एक तुकडा पाठवला होता. तू तो चाखलास, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, हें घरांत जाता, घरी करता येतं हे. झालं. भट्टी नाही, ओव्हन नाही. कुणीतरी तुला सांगितलं होतं की तोपात वाळू घालून वर केकचा डबा ठेवायचा. आपल्याकडे सगळी तांबडी माती, म्हणून केरीला समुद्रावर गेलो तेव्हा तू पिशवीभर वाळू आणलीस. बाबा म्हणाले, अगो, खारी वाळू ती, शिंपल्यांनी भरलेली. तू ऐकशील तर शपथ. चुलीवर तोप तापला आणि आतले शिंपले फुटायला लागले. ताड, ताड, लाह्यांसारखे. झाकण उडालं, मांजर पळालं, शेजारची काकी लाटणं हातात घेऊन धावत आली, तिला वाटलं घरात फटाके पेटले. केक निघाला तो खालून कोळसा, वरून पीठ, आणि त्याला वास तिरकोलच्या खाडीला ओहोटी लागल्यावर येतो तसा. मला वाटलं, तू तो मागच्या दाराने टाकून देशील. तू केळीच्या पानावर तो मधोमध मांडलास, काकीला बसवलंस, बाबांना बसवलंस, पहिला तुकडा स्वतः तोंडात घातलास आणि चावत राहिलीस. आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडे बघतोय. शेवटी गिळून म्हणालीस, "सकयल कोळसो, वयर पीठ. मदीं मात बरो आसा." मग आम्ही तिघं बोटांनी मधला केक उकरून खायला लागलो. मधला खरंच चांगला होता, आई. मी नंतर म्हापशाच्या बेकरीतला केक खाल्लाय, पैसे देऊन. त्याला मध्य असा नसतोच, सगळीकडे सारखाच लागतो.

किंवा तो दिवाळीचा कंदील. बाजारातला घेऊन दे म्हणून मी रडलो, आणि तू म्हणालीस, मी करते. कळकाच्या काड्या तू विळीवर तासल्यास, त्यामुळे एक जाड, एक बारीक. खळ केलीस ती भाताच्या पेजेची. कागद चिकटायच्या आधी मुंग्या चिकटल्या. टांगला तेव्हा तो एका बाजूला असा कलला होता, जसा आपला पोस्टमन संध्याकाळी सायकलवर कलतो. आत पणती ठेवलीस आणि वारा आला. कंदील धडाडून पेटला. बाबा घागर घेऊन धावले, मी भोकाड पसरलं. तू कमरेवर हात ठेवून अंगणात उभी, तोंडावर तो पिवळा उजेड, आणि म्हणतेस, "पळय रे बाबू, अख्ख्या वाड्यार आमचोच कंदील पयसून दिसता." लांबून दिसतो म्हणे!

आणि नेवऱ्या. नेवऱ्यांचं काय सांगू. चवथ आली की तुझा उत्साह असा, की पहाटेपासून खोबरं किसून, गूळ घालून, तीळ भाजून चूण तयार. पण पुरीत चूण भरताना तुझा हात कधी आवरलाच नाही. एका नेवरीत दोघींचं भरायचीस. मुरड घालायचीस ती दिसायला सुरेख, आणि कढईत पडली की नेवरी तोंड उघडायची. चूण तेलात, तेल काळं, आणि करपलेल्या गुळाचा वास रस्त्यापर्यंत. इतर घरांतल्या नेवऱ्या कशा, बटव्यासारख्या मिटलेल्या. आपल्याकडच्या सगळ्या आ वासून. पाहुण्या बायका ताटाकडे बघून एकमेकींना कोपर मारायच्या. तू पहिली नेवरी उचलायचीस, त्यांच्यासमोर कडकन मोडून खायचीस आणि म्हणायचीस, "हांसतात त्यो. देवाच्या घरांत तोंड मिटून बसपाची नेवरी कित्याक?" पाहुण्याच हसायला लागायच्या, आणि ताट आधी आपल्याच घरचं संपायचं.

तुझा नियमच होता तो. ज्याने केलं त्याने पहिला घास खायचा, सगळ्यांच्या देखत, आणि खाल्ल्यावर खरं काय ते सांगायचं. हा नियम मला तू कसा शिकवलास ते आठवतं का? शाळेत मातीचा गणपती करून आणायला सांगितला होता. मी मागच्या दारी बसून करतोय, आणि सोंड काही राहत नाही. लावली की पडते, लावली की पडते. माझं डोकं सटकलं. उचलला तो गोळा आणि दाणकन पायरीवर आपटला. तू आत रगड्यावर मसाला वाटत होतीस. तशीच उठून आलीस आणि मिरचीच्या हातानेच माझा कान धरलास. आई गं, तो कान दुसऱ्या दिवशीपर्यंत पेटलेला होता. तू ओरडली नाहीस. हळू म्हणालीस, "फोडूंक कोणाकय येता. बिगडल्लें घेवन लोकांमुखार बसूंक जाय." मग मला ती माती गोळा करायला लावलीस. दुसरा गणपती झाला त्याची सोंड काजूच्या बोंडाएवढी. तो घेऊन मला शाळेत पाठवलंस. वर्ग हसला, गुरुजी हसले, आणि मी मेलो नाही. संध्याकाळी येऊन तुला तेच सांगितलं, की सगळे हसले. तू विचारलंस, "मागीर?" मी म्हटलं, मग काही नाही. "मगे," म्हणालीस, आणि पेज वाढलीस.

इतकं शिकवूनही मी विसरलो. तू नव्हतीस, कान धरायला कुणी नव्हतं. म्हापशाला कॉलेजात गेलो ते दिवसच पेटलेले. इकडे मराठीचे मोर्चे, तिकडे कोंकणीचे, एसट्या बंद, भिंती रंगलेल्या, कॅन्टीनमध्ये रोज वाद. आणि मी, पेडण्याचा, मराठी शाळेत शिकलेला, घोषणा देताना सगळ्यांत पुढे. एके दिवशी एकजण म्हणाला, पेडणेकरांची ती कसली मराठी, धड इकडची ना तिकडची. मला ते तुला म्हटल्यासारखं लागलं. तू देवाला मराठीत आळवायचीस आणि मला कोंकणीत बडवायचीस, तुझं कुठलं धड आणि कुठलं नाही हे तो कोण ठरवणार. समोर उसळीची बशी होती. ती मी फेकली. त्याला लागली असती तर एक वेळ बरं होतं. तो वाकला, आणि उसळ सगळी मागच्या बाकावर बसलेल्या एका मुलीच्या वहीवर.

तीच ही. डिचोलीची. बाप कोंकणीवाला, बाजारात किराण्याचा पसरा आहे त्यांचा. तिने वहीवरचा एक वाटाणा उचलला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. प्राचार्यांनी सांगितलं, माफी लिहून दे, विषय संपला. मी म्हटलं, लिहिणार नाही. बाहेर पायऱ्यांवर ती उभी होती. म्हणाली, "तुका मराठी जाय न्हय? मागीर माफी मराठींत बरय." मराठीत लिही म्हणे! आई, इतकं सरळ, इतकं बरोबर कुणी माझ्याशी तोपर्यंत बोललं नव्हतं. मला हसू आलं असतं, पण रागात मी हसत नाही, तुला माहीत आहे. चालता झालो. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कॉलेज सुटलं, आणि बसमध्ये बसल्यावर धारगळ येईपर्यंत मला समजलं की माझं कॉलेज सुटलंच, पण ती पायरीवर उभी राहिली ती काही सुटत नाही.

आता धारगळला हमरस्त्यावर एका वर्कशॉपात आहे, गेट आणि खिडक्यांचं वेल्डिंग. उस्ताद बेळगावकडचा. मी केलेलं पहिलं गेट बसवलं तेव्हा ते रस्त्याकडे उघडायला लागलं आणि घरमालकाच्याच स्कूटरला लागलं. उस्ताद म्हणाला, "मर्दा, गेट हाय का म्हशीचं शिंग?" तरी ठेवून घेतलंय. शुक्रवारी मी म्हापशाला जातो. लोखंडी सामान आणायला म्हणून जातो, पण सामान तासाभरात होतं. तिचं कॉलेज साडेबाराला सुटतं. दोन वर्षं असं चाललंय. ती ओठ मिटून हसते, दात दिसत नाहीत, सगळं हसू डोळ्यांत चढतं, आणि मी त्या हसण्यासाठी पाइप खांद्यावर घेऊन उन्हात उभा राहतो. यंदा गोवा राज्य झालं, भाषेचं भांडण थोडं निवलं, रस्त्यावरचे लोक घरी गेले. माझं तेवढं निवलं नव्हतं. कारण तिच्या घरी फोंड्याचं स्थळ आलं होतं. बँकेत नोकरी. त्या माणसाला मी अजून पाहिलेला नाही आणि तो मला अजिबात आवडत नाही. चवथ झाली की ते लोक बघायला येणार असं ठरलं होतं. तिने बापाला माझं नाव सांगितलं तर बाप म्हणाला, "तो न्हय मरे, उसळ उडयल्ली तो?"

चवथीआधीच्या शुक्रवारी बाजार माटोळीच्या सामानाने, गणपतीच्या माथ्यावर टांगायच्या फळांनी भरला होता. ती सुपारीच्या घोसांची शिपटी बघत होती, कवंडळाची लालभडक फळं उचलून रंग पारखत होती. म्हणाली, बाबा विहिरीपाशी शेवाळावरून घसरले, उजवा हात प्लास्टरात आहे, भाऊ दुबईला, यंदा माटोळी बांधणार कोण. माझ्या तोंडातून निघालं, "मी बांधतो. आमच्याकडे मीच बांधतो." आमच्याकडे! तू गेल्यापासून आपल्याकडे माटोळी म्हणजे बाबा एक नारळ, एक आंब्याचा टाळा बांधतात आणि हात जोडतात. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरेंच येता?" मी म्हटलं, येतं म्हणजे काय.

तिच्या घरच्यांचं मन जिंकायचं तर काहीतरी असं न्यायला पाहिजे होतं, की डिचोलीत कुणी पाहिलेलं नसेल. धारगळला एकाच्या मळ्यात मला चिबूड दिसला. असा चिबूड, आई, पिवळाधमक, तान्ह्या मुलाएवढा, आणि वास असा की बांधावरून कळावं. मी तो मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. सगळी बस माझ्याकडे वळून बघतेय. शेजारी एक म्हातारी होती, तिने बोटाने तो दाबून पाहिला आणि म्हणाली, "पुता, हो खावपाचो. टांगपाचो न्हय." माटोळीला चिबूड कच्चा घ्यायचा, पाच दिवस टिकला पाहिजे, आणि पिकलेला चिबूड स्वतःहून तडकतो, हे पेडण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पण प्रेमात पडलेला माणूस कच्चा चिबूड नेईल का, सांग मला. मी म्हातारीकडे असं पाहिलं की ती खिडकीबाहेर बघायला लागली.

तिच्या वडिलांनी दारातच मला वर-खाली न्याहाळलं. "उसळवालो?" मी मान हलवली. "मराठीवालो?" पुन्हा हलवली. "बांद तर," म्हणाले, आणि प्लास्टरातला हात पोटाशी धरून खुर्चीत बसले, परीक्षेला बसवल्यासारखे. मी स्टुलावर. ती खालून एकेक फळ देतेय. देवाच्या माथ्यावरच्या त्या लाकडी चौकटीला मी केवणीच्या ओल्या सालीने गाठी मारत होतो. तू बांधायचीस तेव्हा साल वळून तुझ्या हातात देण्याचं काम माझं होतं, ते बोटांना आठवलं. शिपटी बसली, नारळांचा घड बसला, तोरिंग, आंबाडे, कवंडळांची माळ, सगळं जागच्या जागी. मला स्वतःलाच खरं वाटेना. तिचे वडील म्हणाले, "गांठ बरी मारता." मग मी चिबूड वर घेतला. त्यांनी नाक उडवलं. "पिकलोसो दिसता रे." मी म्हटलं, नाही, वास तेवढा येतो. आणि तो मधोमध लावला, पुढच्या बाजूला, जिथे आरती करणाऱ्याचं डोकं येतं बरोबर तिथे. सगळ्यांना दिसावा म्हणून.

चवथीला आपल्या घरची पूजा आटपून मी संध्याकाळच्या आरतीला तिकडे पोचलो. घर माणसांनी गच्च. समया, धूप, कापूर, माणसांचे श्वास, खोली नुसती उकळतेय. तिचे वडील डाव्या हाताने घंटा वाजवत सगळ्यांच्या पुढे उभे. झांजा चढल्या होत्या, आरती रंगात, मी दारापाशी उभा राहून तिच्याकडे बघतोय, ती देवाकडे बघतेय आणि मधून माझ्याकडे. तेवढ्यात वरून एक आवाज आला. मोठा नाही. ओलं कापड फाटावं तसा. मी वर पाहिलं. चिबडाच्या पोटावर एक रेघ उमटली, रुंदावली, आणि आख्खा चिबूड गर, पाणी, बियांसकट खाली उतरला. टकलावर, प्लास्टरवर, घंटेवर. घंटा एकदा थपकन वाजली आणि बंद.

झांजा थांबल्या. त्यांच्या भुवयांवरून बिया ओघळत होत्या. कापूर तेवढा जळत राहिला. मग मागून त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला, "अपशकून गो हो. फोंड्याचीं मनशां येवपाचीं आनी हें असलें." सगळी डोकी माझ्याकडे वळली. आई, माझे कान तापले, तसेच, मिरची लागल्यासारखे. एकजण पुटपुटला, पेडण्याचो न्हय तो. माझी मूठ वळली. चपला दारात होत्या, दोन पावलांवर. मी वळलो सुद्धा. पाठ करून निघून जाणं मला किती छान येतं, तेवढं एक काम माझ्या हातून कधी बिघडलेलं नाही. आणि तेव्हा मला ती दिसली. ती रागावलेली नव्हती. कॉलेजच्या पायरीवर उभी होती तशीच उभी होती, मी जाणार हे ठाऊक असल्यासारखी. आज गेलो असतो तर परत डिचोलीची बस मला कधी नव्हती.

मी पुढे गेलो. कसा गेलो विचारू नकोस, माणसांनी वाट दिली. तिच्या वडिलांच्या प्लास्टरवर चिबडाची एक मोठी फोड अडकली होती. ती मी उचलली, सगळ्यांच्या देखत तोंडात घातली आणि चावत राहिलो. ते माझ्या तोंडाकडे बघतायत, एका डोळ्याने, कारण दुसऱ्यावर गर. चिबूड पाणीदार, गेला खाली. खरं सांगायचं होतं. म्हटलं, "मियां बांदलेलो. पिकलेलो हां म्हायत आसलेलां. पूण गोड नाय तितकोसो." जिभेवर मराठी आली नाही, तिकडची कोंकणीही नाही. तुझं आलं.

त्यांनी ओठावर ओघळलेलं जिभेने टिपलं. विचार केला. दुकानदार माणूस, चव घेतल्याशिवाय मालाला नाव ठेवत नाही. मग वळून आतल्या खोलीकडे ओरडले, "गूळ हाडा गो."

आधी तिच्या आईला हसू फुटलं. मग झांजवाल्यांना. थोरली बहीण म्हणाली, अरे पण शकून, तर हे म्हणाले, "देवाच्या माथ्यावयल्यान म्हज्या माथ्यार पडलो, आनीक कसलो शकून जाय तुका?" कुणीतरी पंचा आणला, त्यांनी तोंड पुसलं, घंटा झटकली आणि आरती सोडली होती तिथून पुढे सुरू केली. चिबडाला गूळ आणि नारळाचं दूध लावून रात्री सगळ्या घराने खाल्ला. पहिला घास मी. फोंड्याचं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती म्हणाली, आईने निरोप पाठवलाय, यंदा नको म्हणून. मी निघताना वडील पायरीवर एवढंच म्हणाले, "फुडल्या वर्सा माटोळी बांदूंक यो. चिबूड हांव विंचतलों." चिबूड तेवढा ते निवडणार. घरात तिच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पातेलं असावं. आणि मी रस्त्यावर आलो तेव्हा मागून पुन्हा म्हणाले, "आनी ती माफी बरय रे. खंयचेय भाशेंत." ती मी लिहिली, आई. मराठीत. प्राचार्य म्हणाले, बघू, जूनमध्ये ये. बघू म्हणजे काय ते अजून मला कळलेलं नाही. पण या वेळी मी रागावलो नाही, म्हणजे थोडासाच.

त्या चिबडाच्या बिया मी मागून घेतल्या. तू करायचीस तशा राखेत घोळवून वाळवल्यात, मृगाला मागच्या दारी पेरीन. त्या बांधून ठेवायला कागद हवा आहे, आणि या पत्राला जायला पत्ता नाही, म्हणून याचीच पुडी करून चुलीवरच्या वाशात खोचणार आहे. धुराने काळी झाली तर होऊ दे. त्याआधी एक गोष्ट तेवढी सांगून टाकतो.

पाचव्या दिवशी विसर्जन होतं. घरातल्या नेवऱ्या पाहुण्यांनी संपवल्या होत्या म्हणून दुपारी नव्या करायला घेतल्या. मी माटोळी सोडवायला गेलेलो, तर तिच्या आईने मलाही पाटावर बसवलं, पुऱ्या भरायला. ती मुरड घालत होती. काय तिची मुरड, आई, मुंगी चालत गेल्यासारखी बारीक, एकसारखी. कढईतून एकेक नेवरी येते ती मिटलेली, सोनेरी, कुठे डाग नाही. तिने विचारलं, तुझी आई कशा करायची? मी म्हटलं, हसऱ्या. तिला कळलं नाही, मला सांगता येईना. मग तेलात एक नेवरी उघडली. चूण पसरलं, गूळ करपला, आणि तो वास आला. तिने झारा घेऊन ती बाहेर काढली, उलटसुलट बघितली. "ही कशी उगडली गो? म्हजी नेवरी केन्नाच उगडना." तिची आई म्हणाली, जाता एकाद. मी ती मागून घेतली आणि तोंड भाजत सगळी खाल्ली, आणि तिला वाटलं मी धुरामुळे डोळे पुसतोय.

ती आपोआप उघडली नव्हती. तेलात जायच्या आधी तिची मुरड मी नखाने सोडवली होती. हे तिला अजून सांगितलेलं नाही.